स्कॅनएफ नंतरची ओळ का सुटते? सी आणि रस्टमधलं इनपुट-आउटपुट, मुळापासून

प्रश्न असा आहे: सी मध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, आधी वय विचारतो मग पूर्ण नाव. वय स्कॅनएफ ने (आकडे वगैरे वाचणारं फंक्शन) घेतलं, नाव एफगेट्स ने (ओळ वाचणारं फंक्शन), तर नावासाठी प्रोग्रॅम थांबतच नाही, सरळ पुढे जातो. वयाच्या जागी चुकून अक्षरं टाईप झाली की लूप न थांबता फिरत राहतो. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की मेसेज भलत्याच क्रमाने येतात. आणि शेवटी विचारलंय की रस्ट ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकलो तर हे त्रास जातील का.

मी बरीच वर्षं सी मध्ये काम करतोय, जास्त करून डिव्हाइसशी बोलणारे प्रोग्रॅम आणि कमांड लाइनवरची टूल्स, त्यामुळे या तिन्ही खड्ड्यांत मी स्वतः पडलोय. फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही ओळखालच.

पहिल्यांदा डोक्यातलं एक चित्र बदला. आपल्याला वाटतं की स्कॅनएफ म्हणजे युजरला प्रश्न विचारणं आणि युजरने दिलेलं उत्तर घेणं. तसं काही नसतं. प्रोग्रॅमला युजर दिसत नाही, कीबोर्डपण दिसत नाही, त्याला फक्त बाइट्सची एक रांग दिसते, पुढून एकेक बाइट उचलायचा, जे उचललं नाही ते तिथेच पडून राहणार. ओळ, आकडा, शब्द हे सगळे अर्थ आपण त्या रांगेवर लावतो.

आता तुमचा पहिला प्रॉब्लेम घ्या. युजरने २५ टाईप केलं आणि एंटर दाबलं. एंटर दाबेपर्यंत ती अक्षरं तुमच्या प्रोग्रॅमकडे येतच नाहीत, ऑपरेटिंग सिस्टिमचा टर्मिनल ड्रायव्हर ती स्वतःकडे धरून ठेवतो, बॅकस्पेस वगैरे तोच सांभाळतो. एंटर दाबल्यावर पूर्ण ओळ एकदम मिळते, म्हणजे तीन बाइट: दोन, पाच आणि न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण). टक्के-डी (पूर्णांक वाच अशी खूण) वाला स्कॅनएफ सुरुवातीच्या मोकळ्या जागा ओलांडतो, दोन घेतो, पाच घेतो, पुढे न्यूलाइन बघतो, हा काही अंक नाही म्हणून ती परत ठेवतो आणि थांबतो. मग येतो एफगेट्स, त्याचं काम न्यूलाइन सापडेपर्यंत वाचणं, त्याला पहिलाच बाइट न्यूलाइन मिळतो, काम झालं. दोघांनी सांगितलेलं काम बरोबर केलं, स्टेप स्किप झालेली नाही, तुम्हाला रिकामी ओळ मिळाली आहे.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे एसटीडीइन (प्रोग्रॅमचं नेहमीचं इनपुट) वर एफफ्लश (साठवलेले बाइट पाठवून देणारं फंक्शन) मारा. कृपया मारू नका. सी च्या स्टँडर्डमध्ये एफफ्लश आउटपुटसाठी आहे, इनपुट स्ट्रीमवर तो काय करेल हे स्टँडर्ड ठरवतच नाही, एका कंपायलरवर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल असं नाही. दुसरा सल्ला असतो की फॉरमॅटच्या शेवटी बॅकस्लॅश-एन, म्हणजे न्यूलाइन, टाका. हा तर जास्त वाईट, कारण स्कॅनएफ च्या फॉरमॅटमध्ये मोकळी जागा किंवा न्यूलाइन म्हणजे 'मोकळं नसलेलं काही येईपर्यंत सगळं खात राहा', त्यामुळे युजर एंटर मारत बसतो आणि प्रोग्रॅम अडकल्यासारखा दिसतो.

खरा उपाय एकच आहे, तो मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलोय: वाचणं वेगळं ठेवा आणि अर्थ लावणं वेगळं ठेवा. युजरकडून नेहमी पूर्ण ओळ वाचायची, ती अ‍ॅरेत घ्यायची आणि मग त्या अ‍ॅरेतून आकडा काढायचा. आकडा निघाला नाही तरी ओळ वाचून झालेली आहे, रांगेत कचरा उरत नाही, पुढचा प्रश्न स्वच्छ पाटीवर सुरू होतो. वय असो, नाव असो, हो-नाही असो, सगळीकडे हेच.

ओळ वाचायला एफगेट्स चांगला आहे पण त्याच्या सवयी माहीत हव्यात. २५६ चा अ‍ॅरे दिला तर तो जास्तीत जास्त २५५ बाइट वाचतो, शेवटी शून्य बाइट लावतो. न्यूलाइन सापडली तर ती पण अ‍ॅरेत ठेवतो, आणि काहीच वाचता आलं नाही तर नल (रिकामा पॉइंटर) परत करतो. तो नल तपासायलाच हवा. शेवटची न्यूलाइन काढायला बरेच जण स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी) वजा एक या जागेवर शून्य टाकतात, हे धोक्याचं आहे, कारण इनपुटच्या सुरुवातीलाच शून्य बाइट आला (कीबोर्डऐवजी फाइल वळवून दिली तर असं होऊ शकतं) तर स्ट्रलेन शून्य येतो आणि तुम्ही अ‍ॅरेच्या बाहेर लिहिता. स्ट्रसीस्पॅन ला न्यूलाइन शोधायला सांगा आणि तो देईल त्या जागेवर शून्य ठेवा, न्यूलाइन नसली तरी तो शेवटच्या शून्याचीच जागा देतो, नुकसान काही नाही. विंडोजवर बनलेली फाइल लिनक्सवर वाचताय तर न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न नावाचा अजून एक बाइट पण असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण स्ट्रिंग कंपेअर करताना 'सारखंच तर आहे, मग मॅच का होत नाही' असा तास-दीड तास खातो. स्ट्रसीस्पॅन ला दोन्ही अक्षरं द्या, प्रश्न मिटला.

ओळ २५५ पेक्षा मोठी निघाली तर अ‍ॅरेत न्यूलाइन नसेल आणि उरलेला भाग रांगेत असेल, म्हणजे परत तोच जुना आजार. न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) मिळेपर्यंत गेटकॅर ने (एकेक बाइट वाचणारं फंक्शन) उरलेलं टाकून द्या आणि युजरला सांगा की ओळ फार मोठी आहे. पॉझिक्स सिस्टिमवर (लिनक्स, मॅक वगैरे) असाल तर गेटलाइन वापरा, तो लागेल तेवढी मेमरी स्वतः घेतो, फक्त शेवटी फ्री करायची.

आकडा काढायला एटॉय वापरू नका. एटॉय ला 'एबीसी' दिलं तरी शून्य आणि '०' दिलं तरी शून्य, फरक कळायला मार्गच नाही, शिवाय आकडा इंट मध्ये मावत नसेल तर वागणूक ठरलेलीच नाही (टक्के-डी ची पण तीच कथा आहे). स्ट्रटॉल घ्या. बोलावण्याआधी एररनो (एररचा नंबर ठेवणारं व्हेरिएबल) शून्य करा, बेस १० द्या, आणि दुसऱ्या पॅरामीटरमध्ये एंड पॉइंटर (वाचणं कुठे थांबलं ती जागा) घ्या. नंतर बघायचं काय, तर एंड पॉइंटर सुरुवातीलाच असेल म्हणजे एकही अंक नव्हता, एररनो मध्ये ईरेंज आलं म्हणजे आकडा फार मोठा किंवा फार छोटा, आणि एंड पॉइंटरपुढे मोकळ्या जागांशिवाय काही उरलं म्हणजे '२५वर्षे' सारखं काहीतरी टाईप झालंय. मग तुमची स्वतःची मर्यादा लावा, वय ० ते १५० वगैरे. लाँग हा ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटांचा असतो आणि विंडोजवर ३२ चा, त्यामुळे इंट मध्ये टाकण्याआधी मर्यादा तपासणं गरजेचंच आहे.

हे सगळं मिळून वीस-पंचवीस ओळींचं एक फंक्शन होतं. एकदा लिहा, नीट तपासा आणि सगळीकडे तेच वापरा.

दुसरा प्रॉब्लेम, न थांबणारा लूप, आता तुम्हालाच समजला असेल. अक्षरं आली की टक्के-डी ला पहिल्याच बाइटवर अडतं, तो काहीही न उचलता शून्य परत करतो, लूप परत स्कॅनएफ ला बोलावतो, रांगेच्या तोंडाशी तीच अक्षरं उभी. स्कॅनएफ जे परत करतो ते म्हणजे किती गोष्टी यशस्वीपणे भरल्या त्याची संख्या, ती लोक बघतच नाहीत. आणि बघणारे पण 'शून्य आलं तर परत विचार' एवढंच लिहितात आणि ईओएफ विसरतात. लिनक्सवर रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबलं (विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर) की इनपुट संपलं असा अर्थ होतो आणि परत येतो ईओएफ, जो ऋण आकडा आहे. ती अट नसली की युजर गेला तरी प्रोग्रॅम सीपीयू जाळत बसतो. सर्व्हरवर बॅकग्राउंडला असा एक प्रोग्रॅम मी रात्रभर फिरताना पाहिलाय, त्याला इनपुट म्हणून काहीच जोडलेलं नव्हतं, तो बिचारा पुन्हापुन्हा विचारत होता.

ईओएफ वरून दोन गोष्टी सांगतो. एक, गेटकॅर चा निकाल इंट मध्येच घ्या, कॅर मध्ये नाही. गेटकॅर ० ते २५५ पैकी काहीही देऊ शकतो आणि वर ईओएफ, म्हणजे २५७ शक्यता, त्या एका बाइटमध्ये कशा मावतील? कॅर मध्ये घेतलं तर जिथे कॅर साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) आहे तिथे २५५ हा बाइट आला की फाइल संपली असं वाटतं, आणि जिथे अनसाइन्ड आहे, जसं एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर, तिथे ईओएफ कधी जुळतच नाही. लॅपटॉपवर छान चालणारा कोड बोर्डवर टाकला की लटकतो त्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण. दोन, 'जोपर्यंत एफईओएफ नाही तोपर्यंत वाच' असा लूप लिहू नका. एफईओएफ भविष्य सांगत नाही, वाचायचा प्रयत्न फसल्यानंतरच तो खरा होतो, म्हणून शेवटची ओळ दोनदा प्रोसेस होते. लूपची अट म्हणजे वाचण्याच्या फंक्शनचा रिटर्न व्हॅल्यू, बस.

टक्के-एस (शब्द वाच अशी खूण) बद्दलही बोलायला हवं. १० चा अ‍ॅरे असेल तर टक्के-९-एस लिहा, रुंदीशिवाय नुसतं टक्के-एस म्हणजे समोरच्याला तुमच्या मेमरीवर हवं तेवढं लिहायची परवानगी. गेट्स नावाचं फंक्शन याच कारणाने बदनाम झालं, त्याला अ‍ॅरेचा साइझ सांगायची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर स्वतःहून पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रॅमने जे रस्ते वापरले त्यातला एक हाच होता, फिंगर सर्व्हिस (युजरची माहिती देणारी) ५१२ बाइटच्या बफरमध्ये गेट्स ने ओळ वाचायची आणि वर्म त्यापेक्षा लांब ओळ पाठवायचा. सी च्या २०११ च्या स्टँडर्डमधून गेट्स शेवटी काढून टाकला, म्हणजे मध्ये तब्बल २३ वर्षं गेली. आउटपुटच्या बाजूलाही असाच सापळा आहे: युजरने दिलेली स्ट्रिंग थेट प्रिंटएफ चा फॉरमॅट म्हणून देऊ नका. त्यात टक्क्याची चिन्हं असली की प्रिंटएफ नसलेले पॅरामीटर शोधायला लागतो, आणि टक्के-एन असेल तर चक्क मेमरीत लिहितो. नेहमी टक्के-एस फॉरमॅट आणि स्ट्रिंग दुसऱ्या जागी.

मराठीत नाव घेणार असाल तर हे पण ध्यानात असू द्या. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचा एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) ३ बाइट घेतो. 'नमस्ते' मध्ये न, म, स, हलन्त, त आणि मात्रा असे ६ कोडपॉइंट, म्हणजे १८ बाइट. १२ चा अ‍ॅरे दिला तर एफगेट्स ११ बाइट वाचेल, तीन कोडपॉइंट पूर्ण आणि चौथ्याचे दोनच बाइट, आणि स्क्रीनवर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसेल. प्रिंटएफ मध्ये रुंदी देऊन रकाने जुळवायला गेलात तरी जुळणार नाहीत, कारण तो बाइट मोजतो. आणि इजडिजिट, इजस्पेस (अंक आहे का, मोकळी जागा आहे का ते तपासणारी फंक्शन) यांना साधा कॅर देऊ नका, अनसाइन्ड कॅर मध्ये कास्ट करून द्या, देवनागरीचे बाइट १२७ च्या वरचे असतात, साइन्ड कॅर मध्ये ते ऋण होतात आणि ऋण आकडा या फंक्शनना चालत नाही.

आता आउटपुट. इथे चित्र असं बदला की प्रिंटएफ म्हणजे छापलं असं नाही, प्रिंटएफ म्हणजे बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, टाकलं. स्क्रीनकडे किंवा फाइलकडे खरंखुरं पाठवायचं काम सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली विनंती) करतो आणि तो महाग असतो, म्हणून लायब्ररी बाइट साठवते आणि एकदम पाठवते. कधी पाठवायचं हे आउटपुट कुठे जोडलंय त्यावर ठरतं. टर्मिनलला जोडलं असेल तर साधारण प्रत्येक न्यूलाइनला, फाइल किंवा पाइपला जोडलं असेल तर बफर भरल्यावर, जो काही हजार बाइटचा असतो. आणि एसटीडीएरर (एरर मेसेजसाठीचं वेगळं आउटपुट) साठवत नाही, लगेच पाठवतो. तुमचे मेसेज भलत्या क्रमाने का आले ते इथे आहे: स्क्रीनवर दोन्ही एकाआड एक दिसत होते, दोन्ही एकाच फाइलमध्ये वळवल्यावर एरर आधी पोचल्या आणि नेहमीचे मेसेज बफरमध्ये बसून राहिले, प्रोग्रॅम संपताना एकगठ्ठा आले. प्रिंटएफ आणि राइट हा सिस्टिम कॉल एकाच प्रोग्रॅममध्ये मिसळलात तरी हेच होतं.

या बफरने मला एकदा दोन दिवस फिरवलंय. एक प्रोग्रॅम क्रॅश व्हायचा, लॉग फाइलमध्ये शेवटचा मेसेज होता फाइल उघडल्याचा, म्हणून मी फाइल उघडण्याच्या आसपासचा सगळा कोड उकरला. क्रॅश होता त्याच्या किती तरी पुढे, मधले मेसेज बफरमध्ये होते आणि सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने होणारा क्रॅश) झाल्यावर ते तिथेच मेले. तेव्हापासून शोधाशोधीचे मेसेज मी फक्त एसटीडीएरर वर लिहितो. फोर्क (चालू प्रोग्रॅमची कॉपी काढणं) करणाऱ्यांनी अजून एक सांभाळा, फोर्कच्या आधी बफर फ्लश केला नाही तर त्याची पण कॉपी होते, आणि फाइलमध्ये तोच मेसेज दोनदा उमटतो, स्क्रीनवर मात्र एकदाच, त्यामुळे डोकं चक्रावतं.

प्रॉम्प्टसाठी, म्हणजे युजरला विचारलेल्या प्रश्नासाठी, ज्याच्या शेवटी न्यूलाइन नसते, प्रिंटएफ नंतर एसटीडीआउट (नेहमीचं आउटपुट) वर एफफ्लश करा. लिनक्सवर टर्मिनल असेल तर इनपुट वाचायच्या आधी लायब्ररी बहुतेक वेळा स्वतःच फ्लश करते, म्हणून न करताही चालतंय असं वाटतं, पण त्यावर विसंबू नका. बफरची पद्धतच बदलायची असेल तर सेटव्हीबफ आहे, तो त्या स्ट्रीमवर दुसरं काहीही करण्याआधी बोलवावा लागतो.

आणि लिहिणं फसू शकतं, हे फार कमी लोक धरतात. लिनक्सवर डेव्ह डिरेक्टरीत फुल नावाचं एक डिव्हाइस आहे, त्यावर काहीही लिहिलं की 'डिस्क भरली' ही एरर येते. तुमच्या पहिल्यावहिल्या हॅलो वर्ल्डचं आउटपुट तिकडे वळवा आणि एक्झिट कोड बघा, शून्य येईल, म्हणजे प्रोग्रॅम म्हणतोय सगळं ठीक. प्रिंटएफ चा रिटर्न व्हॅल्यू तपासूनही इथे कळत नाही, कारण बफरमध्ये टाकणं यशस्वीच झालं होतं, फसलं ते नंतरचं पाठवणं. म्हणून कामाची फाइल लिहित असाल तर शेवटी एफफ्लश आणि एफक्लोज दोघांचे रिटर्न व्हॅल्यू तपासा. ते ठीक आलं तरी डेटा कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पोचलाय एवढंच, वीज गेली तरी टिकायला हवा असेल तर एफफ्लश नंतर एफसिंक (डिस्कवर खरंच लिहायला लावणारा कॉल) करा, मग एफक्लोज. थेट राइट वापरत असाल, सॉकेट किंवा सिरियल पोर्टसाठी, तर तो सांगितलेल्यापेक्षा कमी बाइट लिहून परत येऊ शकतो, त्यात एरर काही नाही, उरलेले परत पाठवायचा लूप आपणच लिहायचा.

आता रस्ट. मेमरीबाहेर लिहिण्याचा प्रकार साध्या सेफ कोडमध्ये होत नाही, आणि इनपुटचं प्रत्येक फंक्शन रिझल्ट (यश किंवा एरर सांगणारी व्हॅल्यू) देतं, तो दुर्लक्षित केला तर कंपायलर वॉर्निंग देतो, हा फायदा खरोखर मोठा आहे. वाचणं आणि अर्थ लावणं वेगळं ठेवायची शिस्त तर तिथे आपोआपच लागते: रीड-लाइन ने स्ट्रिंग घ्या, ट्रिम करा (कडेच्या मोकळ्या जागा काढा), पार्स करा (आकडा काढा), पार्स फसलं तर ते रिझल्टमध्ये दिसतंच. पण बाइट्सची रांग आणि बफर तिथेही तेच आहेत. रीड-लाइन न्यूलाइन स्ट्रिंगमध्येच ठेवतो, ट्रिम विसरलात तर पार्स फसणार. शिवाय तो स्ट्रिंग रिकामी करत नाही, आधीच्या मजकुराला पुढे जोडतो, त्यामुळे लूपमध्ये तीच स्ट्रिंग वापरली आणि क्लिअर केली नाही तर पहिला आकडा बरोबर येतो आणि दुसऱ्यापासून सगळं फसतं. इनपुट संपलं की तो एरर देत नाही, 'ओके, शून्य बाइट' देतो, ते तपासलं नाही तर न थांबणारा लूप इथेही हजर. आणि इनपुट यूटीएफ-८ नसेल तर रीड-लाइन एरर देतो, जुन्या एन्कोडिंगच्या फाइल असतील तर रीड-अंटिल ने बाइट घ्या आणि मग ठरवा.

प्रिंट मॅक्रोने प्रॉम्प्ट दिला तर फ्लश स्वतः करावाच लागतो, सी सारखी लायब्ररी मदतीला येत नाही. उलट बाजूला, रस्टचा एसटीडीआउट सध्या फाइलला जोडला तरी ओळीओळीनेच पाठवतो, म्हणून दहा लाख ओळी प्रिंट-एलएन ने फाइलमध्ये लिहिल्या की साधारण दहा लाख सिस्टिम कॉल होतात. लोक मग म्हणतात रस्ट स्लो आहे. एसटीडीआउट एकदाच लॉक करा, बफरायटर (बाइट साठवून एकदम पाठवणारा) मध्ये गुंडाळा आणि राइट-एलएन ने लिहा, फरक लगेच जाणवेल. बफरायटर ड्रॉप होताना (काम संपून नष्ट होताना) स्वतः फ्लश करतो पण तेव्हा आलेली एरर गिळून टाकतो, म्हणून शेवटी फ्लश हाताने करून रिझल्ट तपासा. आणि प्रोसेस एक्झिट ने बाहेर पडलात तर ड्रॉप होतच नाही, बफरमधलं सगळं जातं. सी मध्ये एक्झिट बफर फ्लश करतो त्यामुळे तिकडून आलेल्यांना हे लक्षात येत नाही.

तुमचं फंक्शन लिहून झालं की त्याला रिकामी ओळ द्या, नुसत्या मोकळ्या जागा द्या, 'एबीसी' द्या, '२५एबीसी' द्या, वीस अंकी आकडा द्या, हजार अक्षरांची ओळ द्या, लगेच कंट्रोल-डी दाबून बघा, आणि मग एक फाइल वळवून द्या जिच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन नाही. या शेवटच्या टेस्टला बरेच जण फसतात, अ‍ॅरेत न्यूलाइन नाही म्हणजे ओळ मोठी होती असं धरून बसतात आणि शेवटचं नाव गळतं. उरलेलं टाकून द्यायला गेटकॅर बोलावलात आणि पहिल्याच फटक्यात ईओएफ आला, तर ओळ मोठी नव्हती, ती पूर्णच होती, तिला चालू द्या.